चावी, चार्ज आणि मानपान

पत्र: ताई, मी मूळचा सांगलीचा. १९८७ साली शिकायला अमेरिकेत आलो, पुढे नागरिक झालो आणि इथल्या संरक्षण खात्यात सिव्हिलियन इंजिनिअर म्हणून २४ वर्षं काढून निवृत्त झालो. व्हर्जिनियात राहतो. माझ्याकडे 'टॉप सीक्रेट' क्लिअरन्स होता, म्हणजे गुप्त कागद हाताळायला मी पात्र आहे असा सरकारी निर्वाळा. माझे जुने साहेब आता एका कंत्राटदार कंपनीत आहेत. ते म्हणतात, "क्लिअरन्स मरू देऊ नकोस, आठवड्यातून दोन दिवस येत जा." बायको म्हणते, पुरे झालं आता, इतकी वर्षं माझ्या माहेरच्या माणसांची यादी सरकारला देतोय. मुलगी कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. तिच्या मते निवृत्त माणसांकडे क्लिअरन्स ठेवणंच चूक, मोठे लोक त्याच्या जिवावर टीव्हीवर बसतात. आणि खरं सांगू? तो गेला तर आपली पत गेली असं मला वाटतं. २०२५ मध्ये तर भल्याभल्यांचे काढून घेतले, आपण काही बोललो-लिहिलं तर आपल्यावरही येईल का, अशी भीती वाटते. ठेवावा की सोडावा? आणि मुलीचं बरोबर आहे का?

नमस्कार,

घरात तिघं आणि तिघांची तीन मतं, म्हणजे घर शाबूत आहे म्हणायचं. तुमचं पत्र वाचताना मी अडखळले ती 'पत' या शब्दाशी. तिथूनच सुरू करते.

माझे वडील बँकेत होते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. शाखेच्या स्ट्राँगरूमला दोन चाव्या, एक मॅनेजरची आणि एक हेड कॅशियरची. दोन्ही लागल्याशिवाय दार हलायचं नाही. बाबांची चावी रात्री उशीच्या अभ्र्यात असायची. आईलासुद्धा तिला हात लावायची परवानगी नव्हती. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं झाली, मग बाबांनी रजिस्टरवर सही करून चावी नव्या साहेबांच्या हातात दिली आणि चार्ज संपला. पुढच्या आठवड्यात पासबुक भरायला गेले, तर पाय सवयीनं काउंटरची फळी उचलून आत वळले. रोज सलाम करणारा शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, इकडून." त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

दोनेक महिन्यांनी नवे साहेब घरी आले. एका उपसा जलसिंचन संस्थेचं जुनं कर्ज होतं, चेअरमनशी तोंडी काय ठरलं होतं ते फाइलीत नव्हतं. बाबांनी तासभर सगळं सांगितलं. आईनं दोनदा चहा केला. त्या तासाभरात चावीचा विषयसुद्धा निघाला नाही, आणि त्या रात्री बाबा पोटभर जेवले.

तुमची अडचण मला या दोन दिवसांच्या मधली वाटते. फरक एवढाच की तुमच्या क्षेत्रात कधीकधी चावीशिवाय सल्लाही देता येत नाही, कारण सल्ला मागणाऱ्याला आधी नवा कागद दाखवावा लागतो. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

आता तुमच्या मुलीला आधी उत्तर देते, कारण तिचा प्रश्न मोठा आहे आणि तिचं अर्धं बरोबर आहे.

क्लिअरन्स म्हणजे 'हा माणूस विश्वासाचा आहे' एवढाच निर्वाळा. त्यानं कुठलंही कपाट आपोआप उघडत नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९५ मध्ये काढलेला १२९६८ क्रमांकाचा आदेश आजही या व्यवस्थेचा पाया आहे. त्यात पात्रता वेगळी आणि प्रत्यक्ष कागद बघायला मिळणं वेगळं. दुसऱ्यासाठी 'या कामाला हे कळणं गरजेचं आहे' असं कुणीतरी म्हणावं लागतं. हे तुम्ही २४ वर्षं जगलात, मुलीसाठी लिहिते आहे. म्हणजे नियमाच्या भाषेत निवृत्त माणसाचं काम संपलं की गरज संपली आणि गरजेबरोबर प्रवेशही संपला. तुमच्यासारख्यांच्या बाबतीत होतंही तसंच. शेवटच्या दिवशी कागदावर सही घेतात, बिल्ला परत घेतात, पार्किंगचा पास काढतात. पात्रता तेवढी साधारण दोन वर्षं 'चालू' धरली जाते, म्हणजे त्या मुदतीत कुणी कामावर घेतलं तर सगळी तपासणी पुन्हा नको. आपल्याआपण कुणालाही क्लिअरन्स मागता येत नाही आणि टिकवताही येत नाही, त्याला खात्याचं किंवा कंपनीचं नाव पाठीशी लागतं. तेव्हा तुम्ही विचारता 'ठेवू का', पण तो तुमच्या खिशात नाहीच.

खिशात असतो तो मोठ्यांच्या. गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख, माजी सुरक्षा सल्लागार वगैरे. यांचा क्लिअरन्स पद गेल्यावरही चालू ठेवायची जुनी पद्धत. १५ ऑगस्ट २०१८ रोजी सीआयएचे माजी संचालक जॉन ब्रेनन यांचा क्लिअरन्स रद्द केल्याचं निवेदन व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या सारा सँडर्स यांनी वाचून दाखवलं. ब्रेनन राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर उघड टीका करत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या निवेदनातच ही पद्धत का पडली याची दोन कारणं दिलेली होती. पहिलं, नव्या प्रमुखाला जुन्याचा सल्ला घेता यावा. दुसरं, व्यावसायिक सौजन्य.

ते दुसरं कारण वाचून मला लग्नातल्या रुसव्याफुगव्यांची आठवण झाली. सौजन्य म्हणजे आपल्याकडचा मानपान! शाल-श्रीफळाच्या जागी राष्ट्राची गुपितं. मुलीचा राग इथे बरोबर आहे. आणि ज्यांना मान म्हणून दिलं ते फार जपून वागले असंही नाही. सँडी बर्गर हे क्लिंटन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या चौकशी आयोगापुढे जायची तयारी म्हणून २००३ मध्ये ते राष्ट्रीय अभिलेखागारात जुने गोपनीय कागद वाचायला गेले. वाचायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण त्यांनी त्यातल्या काही प्रती कपड्यांत लपवून बाहेर आणल्या, काही तर जवळच्या बांधकामावरच्या ट्रेलरखाली दडवून ठेवल्या. एकेकाळी राष्ट्राध्यक्षांना रोज सल्ला देणारा माणूस, आणि ट्रेलरखाली कागद! २००५ मध्ये गुन्हा कबूल केला, ५०,००० डॉलर दंड झाला आणि तीन वर्षं क्लिअरन्स गेला.

दुसऱ्या टोकाला, साध्या माणसाचा क्लिअरन्स सवयीनं पुढे सरकत राहिला की काय होतं तेही वॉशिंग्टननं पाहिलं आहे. १६ सप्टेंबर २०१३ रोजी तिथल्या नेव्ही यार्डमध्ये गोळीबार करून १२ जणांचे प्राण घेणारा माणूस कंत्राटदार कंपनीचा होता आणि नौदलात असताना मिळालेल्या क्लिअरन्सवरच आत गेला होता. मधल्या काळातल्या त्याच्या खुणा कुणी जोडून पाहिल्या नाहीत. आता दर पाच-दहा वर्षांनी तपासणी करण्याऐवजी सतत नजर ठेवायची पद्धत आली, तिच्यामागे ही घटना आहे.

तेव्हा मुलीला सांगा, मी तिच्या बाजूची आहे: काम संपलं की क्लिअरन्स आपोआप संपावा, संचालकाचाही आणि सांगलीच्या इंजिनिअरचाही. काम निघालं, तर त्या कामापुरता, तेवढ्या मुदतीचा परत द्यावा.

पण तिच्या बोलण्यातलं उरलेलं अर्धं मला पटत नाही. 'ठेवणं चूक' म्हणजे 'काढून घेणं बरोबर' असं ती धरून चालते. संपणं आणि काढून घेणं यात मोठं अंतर आहे. तुम्ही तिला रॉबर्ट ओपेनहायमर यांची गोष्ट सांगा. आपल्या घरांत ओपेनहायमर म्हटलं की गीता निघते आणि पुढचं राहून जातं. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते.

अणुबाँब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले ओपेनहायमर १९५३ पर्यंत अणुऊर्जा आयोगाचे नुसते सल्लागार उरले होते. त्यांचा करार ३० जून १९५४ ला संपणार होता. करार संपला की क्लिअरन्सही गेला असता, कुणाला काही करावं लागलं नसतं. पण हायड्रोजन बाँबच्या घाईला त्यांनी विरोध केला होता, आणि आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस यांच्या मनात त्यांच्याबद्दल जुनी अढी होती. डिसेंबर १९५३ मध्ये क्लिअरन्स स्थगित झाला. मुकाट्यानं राजीनामा देऊन बाजूला व्हायची वाट त्यांना दाखवली होती, पण ती घेतली तर 'मी देशाला नालायक' हे कबूल केल्यासारखं होईल, म्हणून त्यांनी नकार दिला. मग एप्रिल-मे १९५४ मध्ये आठवडेच्या आठवडे सुनावणी झाली. जुनी मैत्री, जुने नातेवाईक, कित्येक वर्षांपूर्वीच्या देणग्या, खासगी आयुष्य, सगळं टेबलावर आलं. गंमत बघा, त्यांच्या स्वतःच्या वकिलांकडे क्लिअरन्स नव्हता, त्यामुळे गोपनीय मुद्दा निघाला की वकिलांनाच खोलीबाहेर जावं लागे आणि अशील एकटा बसे! आयोगानं चार विरुद्ध एक मतांनी क्लिअरन्स नाकारला तो २९ जूनला. करार संपायला एक दिवस उरलेला असताना.

त्या सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ इझिडोर राबी यांनी साक्ष दिली. त्यांचं म्हणणं साधं होतं: हे सल्लागार आहेत. सल्ला नको असेल तर विचारू नका, विषय संपला. त्यासाठी हा सगळा तमाशा कशाला? क्लिअरन्सच्या वादावर यापेक्षा शहाणं बोलणं मी अजून वाचलेलं नाही. त्या निर्णयाची प्रक्रियाच सदोष होती असं सांगत अमेरिकेच्या ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम यांनी तो निर्णय रद्द केला, १६ डिसेंबर २०२२ रोजी. ओपेनहायमर १९६७ मध्येच गेले होते.

आता २०१८ आणि २०२५ कडे बघा. ब्रेनन यांच्या आधी तीनेक आठवडे ज्या सहा जणांचे क्लिअरन्स काढायचा विचार चालल्याचं जाहीर झालं, त्यातल्या एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी आणि माजी उपसंचालक अँड्र्यू मॅकेब यांच्याकडे तो उरलाच नव्हता. नसलेली चावी परत मागायची, तीही वार्ताहरांसमोर! ब्रेनन यांचा रद्द झाल्यावर ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईचं नेतृत्व केलेले ॲडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांनी जाहीर लिहिलं की माझाही काढा, मला तो मान वाटेल. २० जानेवारी २०२५ ला, सत्तेवर परतल्याच्या पहिल्याच दिवशी, ट्रम्प यांनी २०२० च्या एका पत्रावर (बायडेन यांच्या मुलाच्या लॅपटॉपच्या बातमीमागे रशियाचा हात वाटतो, असं म्हणणाऱ्या) सह्या करणाऱ्या माजी गुप्तचर अधिकाऱ्यांचे क्लिअरन्स रद्द करण्याचा आदेश काढला. सह्या ५१ होत्या. पुढे बायडेन यांना मिळणारी गोपनीय माहिती थांबवली, आणि दाखला दिला तो २०२१ मध्ये बायडेन यांनीच ट्रम्प यांच्याबाबत घेतलेल्या भूमिकेचा. दोन्हीकडून सुरू झालं की विहिणी-विहिणींसारखं होतं, कुणी आधी साडी हलकी दिली याचा हिशेब लागत नाही. माझं मत विचाराल तर २०२५ चे आदेश उघड उघड सूड आहेत. पण ते शक्य झाले, कारण आधी सौजन्य म्हणून वाटून ठेवलेलं होतं. मान म्हणून दिलेली वस्तू अपमान करायलाही हाताशी असते. सगळ्यांचा क्लिअरन्स पदाबरोबर मुकाट संपत असता, तर टीव्हीसमोर काढून घ्यायला काही उरलंच नसतं.

तुमच्या भीतीचंही सांगते. मराठी मंडळात काही बोललात, फेसबुकवर लिहिलंत, तर तुमच्यावर येईल का? बातम्यांत आलेली नावं बहुतेक मोठी आहेत. साध्या माणसाला त्याच १९९५ च्या आदेशानुसार लेखी कारण मिळतं, उत्तर देता येतं, अपीलही असतं. मात्र १९८८ च्या ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे की क्लिअरन्स हा कुणाचाही हक्क नाही आणि तो द्यायचा की नाही हे सरकारनं ठरवायचं. म्हणजे कोर्टावर फार भिस्त ठेवू नका. माझ्या मते भीतीपोटी गप्प राहायला लावणारी वस्तू दोन दिवसांच्या नोकरीपेक्षा महाग पडते, पण तुमच्या घरचा खर्च मला माहीत नाही.

आता वहिनींकडे येते. त्यांचं म्हणणं तुम्ही एका वाक्यात उरकलंत, मला मात्र ते सगळ्यात नीट कळलं.

मी मेरीलँडमध्ये तीस वर्षं राहते आहे. एकदा शेजाऱ्यांच्या क्लिअरन्सच्या चौकशीसाठी एक गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. बिल्ला दाखवला, आत आले, चहाला नको म्हणाले, पाणी घेतलं. मग वहीत बघत विचारायला लागले: शेजारी पितात का? देणी थकलीत का? परदेशी माणसं येतात का? मी म्हटलं, "परदेशी मीच येते, भाजीची वाटी घेऊन." ते हसले नाहीत. लिहून घेतलं.

तर वहिनींची चोवीस वर्षं अशी गेली आहेत. एसएफ-८६ नावाच्या त्या जाडजूड फॉर्मात भाऊ, भावजया, त्यांचे पत्ते. सांगलीला जायचं तर आधी कळवा. आणि परदेशातली मालमत्ता! वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर चुलत्यांबरोबर तुमचंही नाव असेल, तर ते अमेरिकन अधिकाऱ्याला समजावणं म्हणजे काय असतं? वाटणी झालेली नाही, उत्पन्न येत नाही, विकता येत नाही, तरी नाव आहे. एवढं करून २०१५ मध्ये उघड झालं की सरकारच्या कार्मिक कार्यालयातूनच २ कोटी १५ लाख लोकांच्या तपासणीची माहिती हॅकरांनी नेली. ज्यांनी हा फॉर्म भरला त्यांच्या घरच्यांची नावंही त्यात गेली. वहिनींनी कधी कुठल्या गुपितावर सही केली नव्हती, तरी त्यांच्या माहेरचे पत्ते कुठल्या तरी परक्या कॉम्प्युटरमध्ये असू शकतात. 'पुरे' म्हणायचा हक्क त्यांना पुरेपूर आहे.

माझा सल्ला असा. साहेबांना फोन करा आणि विचारा: काम नेमकं कुठलं? किती महिन्यांचं? त्या कामाला माझ्या डोक्यातलं काय लागतं, जे आत्ता तिथे असलेल्या कुणाच्या डोक्यात नाही? वॉशिंग्टनच्या आसपास 'चालू क्लिअरन्स हवा' अशा जाहिराती तुम्हीही पाहता. कंपन्यांना कधी माणूस हवा असतो, तर कधी नुसता त्याचा क्लिअरन्स. पहिलं उत्तर आलं, एखादी जुनी यंत्रणा तुमच्याइतकी कुणालाच कळत नसेल, तर वर्षभरासाठी जरूर जा, वहिनींशी बोलून. 'तू ये तर, काम बघू' असं उत्तर आलं, तर दोन वर्षांची मुदत शांतपणे सरू द्या. कुणी काढून घेणार नाही, कुणी निवेदन वाचणार नाही. तारीख येईल आणि जाईल.

'पत' गेल्याचं म्हणाल, तर तिचा आणि क्लिअरन्सचा संबंध तुम्ही लावलात. २४ वर्षांत तुमच्याबद्दल एकही तक्रार नाही हे जिथे नोंदलं आहे तिथे नोंदलेलंच राहतं. वाईट वाटेल ते खरं. बाबांनाही वाटलं होतं. कुठल्याशा बैठकीत 'तुम्ही आता जरा बाहेर बसा' असं कधीतरी ऐकावं लागेल, त्या दिवशी जेवण जाणार नाही. वहिनींना आधीच सांगून ठेवा.

एक मात्र ध्यानात ठेवा. क्लिअरन्स संपला तरी गप्प राहायचा करार संपत नाही, तुम्ही सही केलेला एसएफ-३१२ आयुष्यभराचा आहे. हे इथलंच आहे असं नाही. भारत सरकारनंही ३१ मे २०२१ च्या अधिसूचनेनं गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांमधून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कामाबद्दल काही छापण्याआधी परवानगी घ्यायला लावली आहे. इथे फ्रँक स्नेप नावाच्या सीआयएच्या माजी अधिकाऱ्यानं परवानगीविना पुस्तक छापलं, तर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची सगळी कमाई सरकारजमा करायला लावली.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. ताजा कलम म्हणून तुम्ही लिहिलंय की एका दिवाळी अंकानं तुमच्याकडे 'अमेरिकेच्या संरक्षण खात्यातली माझी चोवीस वर्षं' असा लेख मागितला आहे. लेख मराठीत आहे, सांगलीत छापला जाणार, कोण वाचतंय, असं मनात आणू नका. आधी खात्याकडे तपासणीला पाठवा, इंग्रजी भाषांतरासकट. त्यांना वेळ लागतो आणि संपादक गणपतीच्या आधी मजकूर मागतात. तेव्हा साहेबांना फोन उद्या केलात तरी चालेल, लेख मात्र आजच सुरू करा.